पंधरा सेकंद आणि आयएसओ ८०

भंडारा-गोंदियाच्या तलावांवर सारस आणि हिवाळी बदकं टिपणाऱ्यांच्या गळ्यात सुपरझूम कॅमेरा हमखास दिसतो. दिवसा त्याच्याविषयी कुणाची तक्रार नसते. रात्री मात्र असते, आणि ती ठरलेली: "आयएसओ १६०० ठेवला, शटर १५ सेकंदांवर नेलं, तर आयएसओ आपोआप ८० वर आला. बदलताही येत नाही. कॅमेरा बिघडला!"

कॅमेरा धडधाकट आहे, दुरुस्तीला टाकून पैसे घालवू नका. कॅननच्या २०१२ सालच्या एसएक्स५० एचएसमध्ये शटर एका सेकंदाहून मंद केलं की आयएसओ ८० वर जखडतो. निकॉनच्या पी९०० वर १५ सेकंद आणि पी१००० वर ३० सेकंद मिळतात, पण एम मोडमध्ये आणि आयएसओ १०० असेल तरच.

या तक्रारीमागे एक मोठा गैरसमज आहे. आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश गोळा करतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रकाश किती येणार हे फक्त शटर आणि अ‍ॅपर्चर ठरवतात. आयएसओ म्हणजे गोळा झालेल्या संकेताला दिलेला जोर. मंडपातल्या लाऊडस्पीकरचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसंच हे.

आणि या कॅमेऱ्यांत खरखर मुळातच जास्त. सेन्सर जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे फुल-फ्रेमच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा. शटर उघडं असताना प्रकाश नसला तरी उष्णतेमुळे त्यात विद्युतभार साचत राहतो. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी चढलं की हा साठा दुप्पट होतो. आपल्याकडे नवतप्यातली रात्र ३० अंशांची आणि डिसेंबरातली १२-१३ अंशांची असते, म्हणजे तोच १५ सेकंदांचा फोटो उन्हाळ्यात निदान चौपट डाग घेऊन येतो. त्यावर आयएसओ १६०० चा जोर दिला तर काळ्या आकाशात लाल-निळी रांगोळीच उमटेल.

म्हणून ही मर्यादा निसर्गनियमच आहे, असंही नाही. कॅननच्या अनेक मॉडेलांवर चालणारं सीएचडीके हे हौशी प्रोग्रामरांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर मेमरी कार्डावरून सुरू करून हे कुलूप उघडता येतं. कुलूप कंपनीने घातलंय, पण सकारण. माझ्या मते पर्याय वापरणाऱ्याच्या हाती सोडून फक्त इशारा दिला असता तर जास्त बरं झालं असतं.

फोटोनंतर स्क्रीनवर 'बिझी' दिसतं तेव्हा कॅमेरा अडकला समजून बॅटरी काढणारेही आहेत. तसं करू नका. तो शटर बंद ठेवून तेवढाच वेळ एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्यातले डाग तुमच्या फोटोतून वजा करतो. पंधरा सेकंदांच्या फोटोला तीस सेकंद लागतात ते यामुळे. ताऱ्यांच्या रेषांसाठी फोटोंची माळ घेताना मात्र याच थांब्यांमुळे रेषा तुटक येतात.

मग रात्री हा कॅमेरा निरुपयोगी? आकाशगंगेसाठी बऱ्याच अंशी हो. तिला २० सेकंदांसोबत आयएसओ ३२०० च्या आसपास लागतो, आणि ८० म्हणजे त्याचा चाळिसावा भाग. पण कारध्याला वैनगंगेच्या काठावर ट्रायपॉड लावा, पुलावरून जाणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांवर रोखा. आयएसओ ८०, अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते ८, शटर १० ते १५ सेकंद, फोकस मॅन्युअल, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. इथे कमी आयएसओच हवा असतो. तो जास्त असता तर दिव्यांच्या रेघा पांढऱ्याफटक झाल्या असत्या. पावसाळ्यात गोसीखुर्दच्या ३३ दरवाज्यांतून पाणी सुटतं, तेही रात्री धरणावरच्या दिव्यांत असंच टिपता येतं. मात्र विसर्गाच्या वेळी नदीपात्रात उतरू नका, फोटो लांबूनच काढा. झूम त्यासाठीच आहे.

राहिलं चंद्रग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास अवस्था ८२ मिनिटं होती. "आयएसओच्या कुलपामुळे लाल चंद्र मिळत नाही" हा समज अशाच वेळी पसरतो. प्रत्यक्षात कुलूप आड येण्याआधीच पृथ्वीचं फिरणं आड येतं. पी९०० च्या पूर्ण २००० मिमी झूमवर एका सेकंदात चंद्र वीसेक पिक्सेल सरकतो, म्हणजे एवढ्या झूमवर एक सेकंदही जास्तच. झूम ६०० मिमीच्या आसपास आणा, शटर अर्धा सेकंद आणि आयएसओ ८०० ठेवा. एका सेकंदाच्या आत कुलूप लागतच नाही. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे, मध्य साडेदहाच्या सुमारास. तोवर कुठल्याही पौर्णिमेला ट्रायपॉडवर चंद्राचा फोकस हाताने लावायचा सराव करून ठेवा.