एसच्या अलीकडे, एसच्या पलीकडे

मुलीची शाळा आणि मुलींची शाळा यांतला फरक इंग्रजीत कानाला कळत नाही. गर्ल’स स्कूल आणि गर्ल्स’ स्कूल हे दोन्ही बोलताना अगदी सारखे. फरक फक्त कागदावर, आणि तोही ओळीच्या वर टांगलेल्या स्वल्पविरामासारख्या एका खुणेच्या जागेत. ही खूण म्हणजे अपॉस्ट्रॉफी. ती एसच्या अलीकडे असेल तर धनी एक, पलीकडे असेल तर अनेक. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडे वाड्यात सुरू केलेली शाळा इंग्रजीत लिहायची तर ती गर्ल्स’ स्कूल. खूण एक घर अलीकडे सरकली की शाळेत एकच मुलगी उरते. (या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिताना ही खूण मूळ स्पेलिंगमध्ये जिथे पडते तिथेच ठेवली आहे.)

मराठीत हे काम अनुस्वार करतो. मुलाचा, मुलांचा, आठवड्याची, आठवड्यांची. डोक्यावरचा एक ठिपका एकाचे अनेक करतो, आणि तो नुसता दिसत नाही, ऐकूही येतो. मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची “विरामचिन्हांची परिभाषा” ही पुस्तिका १८५० सालची. इंग्रजीतून स्वल्पविराम आला, पूर्णविराम आला, प्रश्नचिन्ह आले. अपॉस्ट्रॉफीला मात्र मराठीत नोकरी मिळाली नाही. तिची जागा आधीच भरलेली होती.

खूण कुठे ठेवायची हे ठरवण्याचा क्रम मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलाच आहे. मुलांचे हा शब्द तयार होताना मूल या एकवचनाला कोणी थेट चे लावत नाही. आधी मुले, त्याचे सामान्यरूप मुलां, मग चे. इंग्रजीतही आधी अनेकवचन पुरते करायचे आणि मगच खुणेकडे वळायचे. टीचरचे टीचर्स, लेडीचे लेडीज, बॉसचे बॉसेस. तयार झालेल्या शब्दाच्या शेवटी एस असेल तर नुसती खूण पुरते: टीचर्स’, लेडीज’, बॉसेस’. आडनावांनाही हेच लागू होते. फर्नांडिस कुटुंबाचे घर म्हणजे द फर्नांडिसेस’ हाऊस. दिसायला बोजड, पण बिनचूक.

अनेकवचनाच्या शेवटी एस नसेल तर मात्र खूण आणि एस दोन्ही लागतात. असे शब्द मोजकेच, पण रोजचे: मेन, विमेन, चिल्ड्रन, पीपल. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात स्थापन केलेल्या विद्यापीठाचे इंग्रजी नाव इंडियन विमेन’स युनिव्हर्सिटी असे होते. पुढे विठ्ठलदास ठाकरसी यांच्या देणगीनंतर त्याला नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव जोडले गेले, पण विमेन’स हा शब्द कायम राहिला. विमेन हे मुळातच अनेकवचन. त्याला आणखी एक एस चिकटवून विमेन्स’ लिहिणे म्हणजे मराठीत “बायकांयांचे” म्हणण्यासारखे आहे. एकाचे की अनेकांचे हे इंग्रजीत कानाने ओळखता येते ते बहुधा अशाच शब्दांत. चाइल्ड’स आणि चिल्ड्रन’स यांत कोणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो “दिवसां”त. पाच सप्टेंबरला शाळाशाळांतल्या फळ्यांवर टीचर’स डे, टीचर्स’ डे आणि खूण नसलेले टीचर्स डे अशी तिन्ही रूपे सुखाने नांदतात. दिवस साऱ्या शिक्षकांचा, म्हणून टीचर्स’ डे. पंधरा सप्टेंबरचा तो एंजिनिअर्स’ डे, एक जुलैचा डॉक्टर्स’ डे, चौदा नोव्हेंबरचा चिल्ड्रन’स डे. गंमत अशी की यातला प्रत्येक दिवस एकेका माणसाचा वाढदिवस आहे: राधाकृष्णन, विश्वेश्वरय्या, बिधनचंद्र रॉय, नेहरू. विश्वेश्वरय्या तर पुण्याच्याच कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे विद्यार्थी. तेव्हा एंजिनिअर’स डे लिहिणारा अगदीच चुकतो असे नाही. तो नकळत विश्वेश्वरय्यांची जयंती लिहितो. उलट मदर’स डे हा जाणूनबुजून एकवचनी. त्याचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅना जार्व्हिस यांचा आग्रह होता की प्रत्येकाने आपापल्या एका आईचा दिवस पाळावा. मराठीने शिक्षक दिन, बालदिन असे समास करून हा प्रश्नच उडवून लावला आहे.

अनुस्वाराच्या भरवशावर इंग्रजी लिहिणारा मराठी माणूस हमखास अडखळतो तो आदरार्थी बहुवचनाशी. आजोबांचा चष्मा, बाईंची पर्स, सरांची वही, टिळकांचा केसरी. या सगळ्यांवर ठिपका आहे, पण धनी एकेकच. ठिपका दिसला की खूण एसच्या पलीकडे, असे समीकरण बांधले तर आजोबांचा चष्मा ग्रँडफादर्स’ स्पेक्टॅकल्स होतो आणि एकाच चष्म्यावर दोन आजोबांचा हक्क लागतो. इंग्रजीत आदर खुणेत मावत नाही. ग्रँडफादर’स, टिळक’स एवढेच.

गंज पेठेतला फुल्यांचा वाडा या दृष्टीने नमुनेदार आहे. हा शब्द इंग्रजीत नेताना आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: एकट्या जोतीरावांचा, की जोतीराव-सावित्रीबाई दोघांचा? पहिले असेल तर फुले’स हाऊस, दुसरे असेल तर द फुलेज’ हाऊस. मराठीत फुल्यांचा म्हटले की दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने एकत्र राहतात. जोशींचा मुलगा, गोखल्यांचे दुकान, कुलकर्ण्यांची गाडी हे शब्दही असेच दुहेरी आहेत. या एका बाबतीत इंग्रजी मराठीपेक्षा नेमकी आहे. ती भरपाई दुसरीकडे होते. मराठीतला चा-ची-चे वस्तूचे लिंग आणि वचनही सांगतो. मुलांची पुस्तके, मुलांचा फळा, मुलांचे मैदान असे त्याला बदलावे लागते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी बॉइज’ एवढेच. खुणेला फक्त धन्याशी कर्तव्य, धनाशी नाही.

धनी दोन असले की आणखी एक निवड करावी लागते. टिळक-आगरकर दोघेही १८८४ साली पुण्यात स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत होते. त्यांची संस्था एकच, म्हणून खूण एकदाच, शेवटच्या नावाला: टिळक अँड आगरकर’स सोसायटी. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. टिळकांकडे केसरी राहिला आणि आगरकरांनी १८८८ साली सुधारक काढला. आता पत्रे दोन, धनीही वेगवेगळे, म्हणून खूण दोन्ही नावांना: टिळक’स अँड आगरकर’स न्यूजपेपर्स. मराठी कानालाही हे पटते. टिळक-आगरकरांची संस्था, पण टिळकांचे आणि आगरकरांचे वर्तमानपत्र.

धनी माणूसच असावा असे नाही, काळही चालतो. कचेरीत सर्वाधिक चुकणारी जागा हीच. दोन दिवसांची रजा म्हणजे टू डेज’ लीव्ह, पाच वर्षांचा अनुभव म्हणजे फाइव्ह इअर्स’ एक्स्पीरिअन्स. एका दिवसाची असेल तर वन डे’स लीव्ह. इथे अनुस्वार अगदी विश्वासाने सोबत करतो, कारण दिवसांना कोणी आदरार्थी संबोधत नाही. अर्ज मनात आधी मराठीत म्हणून पाहिला की खुणेची जागा आपोआप कळते.

हा सगळा शिस्तीचा कारभार फार जुना नाही. जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय अनेक नामांना ईएस असा लागे. त्यातला ई पुढे गळाला. अपॉस्ट्रॉफी सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या अनुकरणाने आली ती गळालेल्या अक्षराची जागा दाखवायला. एकवचनी षष्ठीत ती सतराव्या शतकाअखेर बऱ्यापैकी स्थिरावली; एसच्या पलीकडची अनेकवचनी खूण रुळायला अठरावे शतक सरत आले. त्यामुळे जुन्या नावांत एकवाक्यता शोधण्यात अर्थ नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्टेशने शेजारीशेजारी आहेत; पहिल्याच्या नावात खूण आहे, दुसऱ्याच्या नाही. आजही बॉइज हॉस्टेल किंवा टीचर्स ट्रेनिंग अशा नावांत अनेक संस्था खूण गाळतात. तिथे पहिला शब्द धनी न मानता विशेषण मानला जातो. लांबलचक धन्यासाठी ऑफ हा मार्गही मोकळा असतो. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेली सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी त्याच वाटेने गेली.

जिथे मालकीच नाही तिथे खूणही नाही. खाऊगल्लीतल्या पाट्यांवरचे मोमो’स आणि बर्गर’स हे साधे अनेकवचन आहे. त्यांच्या मालकीचे काहीच नसते. (इंग्लंडात या चुकीला भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी म्हणतात.) घराच्या दारावरची द पाटील’स ही पितळी पाटीही त्याच जातीची. पाटील कुटुंब एवढेच सांगायचे तर द पाटील्स, खुणेशिवाय. शेवटी खूण ठेवून द पाटील्स’ लिहिले तर तेही चालते, मात्र अर्थ बदलतो: पाटलांचे, आणि घर हा शब्द न बोलता समजून घ्यायचा. अ‍ॅट द पाटील्स’ म्हणजे मराठीतले सरळ “पाटलांकडे”.