पिएमोन्तेत मासा कुठून आला?

इटलीच्या वायव्येकडच्या पिएमोन्ते प्रांताला समुद्र नाही. तरीही हिवाळ्यात तिथल्या घरांत 'बान्या काउदा' शिजते, ती आन्चोवीची. आन्चोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला, मिठात मुरवलेला मासा. भरपूर लसूण आणि ऑलिव्ह तेलात तो मंद आचेवर विरघळू द्यायचा आणि त्या गरम रसात कोबी, ढोबळी मिरची बुडवून खायची. मासा समुद्राचा, तेल डोंगरापलीकडच्या लिगुरियाचं; लसूण आणि भाज्या तेवढ्या इथल्या.

कारण आहे मीठ. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून मिठाच्या वाटा डोंगर ओलांडून इकडे यायच्या, आणि मिठाबरोबर खारवलेला मासाही. पुढे माइरा खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी तोच धंदा धरला. बर्फ पडून शेती थांबली की ते गावोगाव आन्चोवी विकत हिंडत. इटलीत मी जे शिकले, त्याची सुरुवात अशा प्रश्नापासून झाली: हे इथेच का?

माझी पदवी अन्नतंत्रज्ञानाची. आम्लता, ओलावा, टिकाऊपणा मला मोजता येत होता; पण पदार्थ आणि जमीन यांचं नातं कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी पोलेन्झोच्या गॅस्ट्रोनॉमिक सायन्सेस विद्यापीठात गेले. ब्रा गावाजवळ, सावोय राजघराण्याच्या जुन्या वास्तूत हे विद्यापीठ २००४मध्ये सुरू झालं, ते कार्लो पेत्रिनी यांच्या 'स्लो फूड' चळवळीतून. १९८६मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स येणार म्हणून निदर्शनं झाली, तिथून ही चळवळ वाढली. त्याच वर्षी पिएमोन्तेतल्या वाइनमध्ये मिथेनॉलची भेसळ सापडली, माणसं मेली. त्यामुळे खाणं कुठून येतं हा तिथे हौसेचा प्रश्न उरला नव्हता.

अभ्यासक्रमात शैक्षणिक सहली असतात, आणि माझ्या मते खरं शिक्षण तेच. पार्माजवळच्या पार्मिज्यानो चीजच्या कारखान्यात आम्ही भल्या सकाळी पोचलो. संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ टाक्यांत ठेवलेलं. वर आलेली साय काढून ते सकाळच्या ताज्या दुधात मिसळतात आणि उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या कढयांत ओततात. त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं विरजण आणि दूध गोठवणारं रेनेट पडतं. दही लागलं की ते तारांच्या साधनाने फोडून तांदळाच्या दाण्याएवढे कण करतात आणि सुमारे ५५ अंशांपर्यंत तापवतात. कण तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. दोघं मिळून तो कापडात उचलतात, मधोमध कापतात आणि एका कढईतून दोन चाकं निघतात. चाळीसेक किलोच्या एका चाकाला जवळजवळ ५५० लिटर दूध लागतं. मग मिठाच्या पाण्यात मुरवण आणि फळ्यांवर किमान बारा महिने. शेवटी तपासनीस छोट्या हातोडीने चाक ठोकून आवाज ऐकतो. आत पोकळी वा भेग असली तर आवाजच सांगतो.

मला सगळ्यात जास्त पटला तो चाऱ्याचा नियम. पार्मिज्यानोच्या गायींना मुरघास द्यायचा नाही. त्यांचा मुख्य चारा गवत आणि लसूणघास. मुरघासातून दुधात काही जिवाणूंचे बीजाणू येतात आणि महिन्यांनंतर चीज आतून फुगतं. दुसऱ्या प्रसिद्ध चीजला, ग्राना पादानोला, मुरघास चालतो आणि तो धोका आवरायला अंड्यातलं लायसोझाइम घालता येतं. पार्मिज्यानोत असं काही घालायला बंदी, म्हणून शिस्त थेट गोठ्यापासून. पो नदीच्या खोऱ्यातल्या या गोठ्यांत आज पुष्कळ पंजाबी कामगार राबतात. इटलीचं चीज त्यांच्याही हातांवर उभं आहे, हे नोंदवायलाच हवं. आणि शाकाहारी वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं की हे रेनेट वासराच्या पोटातून मिळतं. पार्मिज्यानोला दुसरं चालत नाही.

पास्त्याचंही तसंच, जागेनुसार रीत बदलते. पार्माच्या एमिलिया भागात मऊ गव्हाचं पीठ अंड्यात मळून लाटण्याने पातळ लाटतात. बोलोन्याच्या व्यापारी मंडळात १९७२पासून तालियातेल्लेचा सोन्याचा नमुना आहे: शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर. दक्षिणेत नुसता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सीसारखा कडक गहू. नेपल्सजवळच्या ग्रान्यानोत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यावर पास्ता वाळवत, म्हणून तो धंदा तिथे वाढला.

प्रबंधासाठी मात्र मी तोस्कानातलं गार्फान्याना निवडलं. लुक्का शहराच्या वरच्या या डोंगराळ भागात फार्रो पिकतो, आणि फार्रो म्हणजे आपला खपली गहू. मी तासगावकडची. खपलीची खीर आमच्याकडे सणाला होतेच. तिथले लोक त्याचं घेवड्याबरोबर दाट सूप करतात. दाण्याला घट्ट चिकटलेलं टरफल काढायला गिरणी वेगळी लागते, इकडेही आणि तिकडेही. निकस जमिनीत तग धरतो म्हणून तो तिथे टिकला, आणि १९९६मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे तांबेऱ्याला तो सहसा दाद देत नाही, हे त्याच्या टिकण्याचं एक कारण.

तिथल्या एका शेतकऱ्याला मी सांगितलं, आम्ही दिवाळीनंतर पेरतो आणि होळीच्या सुमारास काढतो. त्याचं पीक पानगळीत पेरलेलं, जुलैत कापायचं. इतक्या लवकर कसं येतं, म्हणून तो मलाच प्रश्न विचारत बसला: थंडी किती पडते, पाणी केव्हा देता, माती काळी म्हणजे नेमकी कशी?