सागाची मगर का तडकते?

मगर कुठे राहते? पाण्यात, असं तुम्ही चटकन सांगाल. बरोबरच आहे. नर्मदेत मगरी आहेत, तापीतही आहेत. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरहून पश्चिमेला निघून गुजरातच्या तापी जिल्ह्यात शिरलात, तर एखाद्या गावाच्या शिवारात तुम्हाला चक्क खांबांवर आडवी पहुडलेली मगर दिसेल. लांबलचक तोंड, लांबलचक शेपूट, अंगाला शेंदूर. ही मगर लाकडाची आहे आणि ती देव आहे. मोगरादेव!

पाऊस वेळेवर यावा, शेत पिकावं, गुरंढोरं धडधाकट राहावीत, म्हणून लोक मोगरादेवाची पूजा करतात. गामीत, वसावा आणि चौधरी या आदिवासी समाजांचा हा देव. नंदुरबारच्या मुलांना ही आडनावं ओळखीची वाटली असतील. अलीकडचे गावित आणि वसावे म्हणजेच पलीकडचे गामीत आणि वसावा. राज्यांची सीमा नकाशावर आहे, सोयरीक मात्र दोन्हीकडे चालते.

या मगरींचा नीट अभ्यास करणाऱ्यांपैकी एक होते हकू शाह. ते याच भागातल्या वालोड गावी 1934 मध्ये जन्मले, मोठे चित्रकार झाले. एबरहार्ड फिशर या युरोपातल्या कला-अभ्यासकाबरोबर त्यांनी या लाकडी मगरींवर पुस्तक लिहिलं. ते 1971 मध्ये अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाने छापलं. पुढे दोघांनी मृतांच्या आठवणीसाठी उभारलेल्या लाकडी मूर्तींवरही पुस्तक केलं. आपल्या शेजारच्या गावांतल्या सुतारकामाची दखल अशी जगाने घेतली, याचा मला फार आनंद वाटतो.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे वाघदेव आहे! नंदुरबार, धुळे, नाशिक आणि शेजारच्या डांगमध्ये वाघदेवाचे लाकडी खांब दिसतात. खांबावर वाघ कोरलेला असतो, कुठे सोबत सूर्य, चंद्र आणि नागही असतात.

आता जरा मूर्ती घडवणाऱ्याच्या जागी जाऊन बसू. समोर सागाचा ओंडका आहे, हातात कुऱ्हाड, वाकस आणि पटाशी. काय घडवाल? मोर? पिसारा फुलवलेला? अजिबात जमणार नाही! का ते कळायला एक प्रयोग करा. आईस्क्रीमची लाकडी काडी घ्या. ती आडवी मोडायला बऱ्यापैकी जोर लागतो. पण टोकाला नख खुपसून ती उभी चिरून पाहा. सहज चिरते.

लाकूड म्हणजे स्ट्रॉची घट्ट बांधलेली जुडीच असते. झाड जिवंत असताना याच नळ्यांमधून मुळांचं पाणी पानांपर्यंत चढत असतं. नळ्या तोडणं अवघड, पण एक नळी दुसरीपासून सुटी करणं सोपं. म्हणून ओंडक्यातून आडवा बाहेर आलेला बारीक पाय किंवा पंख कोरला, तर तो नळ्यांच्या सांध्यावर पटकन तुटतो. मगर मात्र नाकापासून शेपटीपर्यंत नळ्यांच्याच दिशेने लांब असते. ओंडक्यात ती जणू आधीपासून झोपलेली! जगातल्या कितीतरी जुन्या लाकडी मूर्तींचे हात अंगाला चिकटलेले असतात, तेही याच कारणाने. कैरोच्या संग्रहालयात का-अपर नावाच्या इजिप्शियन माणसाची सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची लाकडी मूर्ती आहे. तिचा हात पुढे आलेला आहे. शिल्पकाराने काय केलं असेल? हात वेगळे कोरले आणि मग धडाला जोडले.

बरं, मगर तयार झाली. शिवारात बसली. काही काळाने तिच्या पाठीवर लांब भेग पडली. सुतार चुकला का? मुळीच नाही.

ताज्या तोडलेल्या लाकडात भरपूर पाणी असतं. ते वाळलं की लाकूड आकसतं, पण सगळीकडे सारखं आकसत नाही. इथेच खरी गंमत आहे. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीच्या दिशेने थोडं आकसतं. आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, साधारण त्याच्या दुप्पट आकसतं! ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर दिसणारी वर्तुळं तुम्ही पाहिलीच असतील, तीच ही वलयं. आता बाहेरचं प्रत्येक वलय लहान व्हायला बघतं आणि आतला गाभा तेवढा लहान होत नाही. वलय ताणलं जातं, ताणलं जातं आणि शेवटी फाटतं. म्हणून भेग बाहेरून सुरू होऊन गाभ्याकडे जाते. जपानमधले मूर्तिकार यावर उपाय म्हणून मोठ्या मूर्ती आतून पोखरून पोकळ करत. गाभाच काढला की ओढाताण कमी!

ही वलयं येतात तरी कुठून? सातपुड्यातला साग उन्हाळ्यात बोडका उभा असतो. पावसाची चाहूल लागली की पालवी फुटते आणि खोडात मोठमोठ्या नळ्या तयार होतात, भराभर पाणी वर न्यायला. पुढे बारीक नळ्या बनतात. मोठ्या नळ्यांची एक ओळ म्हणजे एका वर्षाची सुरुवात. ओंडक्यावरच्या अशा ओळी मोजल्या, की झाडाचं वय कळतं. मगरीच्या पाठीवर बोट न लावता नुसतं निरखून पाहिलं, तरी कित्येक पावसाळे तिथे रेषा होऊन बसलेले दिसतील.

सागच का, हाही प्रश्न आहेच. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं आणि टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं. वाळवीला ते नकोसं वाटतं. पण सालीजवळचा फिकट थर तसा नसतो. तो वाळवी खाते, त्यात कीड लागते. खांब सगळ्यात आधी कुठे कुजतो माहीत आहे? अगदी जमिनीलगत. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी आणि हवाही हवी. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी. जमिनीच्या रेषेवर दोन्ही मिळतात.

आणि लाकडाचा तपकिरी रंग उडून ते राखाडी होतं, ती करामत उन्हाची. लाकडाला घट्ट धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण तो तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि राखाडी धागे मागे उरतात.

ऊन-पाऊस लागलाच नाही तर? मग लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्याला जा आणि चैत्यगृहात मान वर करा. छताला लाकडी कमानी दिसतील. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत! शिवाजी महाराजांच्या जन्मावेळीसुद्धा त्या सोळाशे वर्षांच्या आसपास जुन्या होत्या. दगडाच्या पोटात त्यांना पावसाचा थेंब लागला नाही, म्हणून त्या टिकल्या.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इटलीत 1947 मध्ये जन्मलेला ज्युसेप्पे पेनोने नावाचा शिल्पकार आहे. तो बाजारातली चौकोनी तुळई घेतो, घरबांधणीसाठी कापलेली. तिच्यातलं एक वलय निवडतो आणि त्याच्या बाहेरचं सगळं लाकूड पटाशीने हळूहळू काढतो. गाठी मात्र ठेवतो. कारण गाठ म्हणजे फांदीचं बूड, खोड जाड होताना आत गाडलं गेलेलं. बाहेरचं लाकूड गेलं की तुळईच्या आतून काय निघतं? कोवळं झाड! फांद्यांसकट! ते मोठं झाड लहान असताना जसं होतं, अगदी तसं. 1980 ते 1982 या काळात त्याने घडवलेलं असं 12 मीटरचं झाड इंग्लंडच्या टेट संग्रहालयाकडे आहे. लाकडात झाडाचं बालपण शाबूत असतं, हे त्याने डोळ्यांसमोर उभं केलं.

मोगरादेव घडवणारा कारागीर आणि पेनोने एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. पण दोघांनाही नळ्या, वलयं आणि गाठी यांचं ऐकावंच लागतं. माझ्या मते लाकडाचा चांगला शिल्पकार तोच, जो आधी झाड ओळखतो.

तुमच्या घराची चौकट किंवा शाळेतलं बाक लाकडाचं असेल, तर आजच त्यातली एक गाठ शोधा आणि ती फांदी कोणत्या बाजूला वाढत होती ते ओळखा. आणि मोगरादेव किंवा वाघदेव पाहायला गेलात, तर आधी गावातल्या मोठ्यांना विचारा, चपला दूर काढा, हात लावू नका, परवानगीशिवाय फोटो काढू नका. तो त्यांचा देव आहे.