वसिष्ठ-अरुंधती आणि पुण्याची वेधशाळा

वैशाखातल्या लग्नसराईत, गोरज मुहूर्तावर अक्षता पडून रात्रीच्या पंगती उठेपर्यंत, पुण्याच्या उत्तर आकाशात सप्तर्षी चांगले पन्नास अंशांवर चढलेले असतात. त्यामुळे उपाध्यायांनी वधूवरांस अंगणात आणून आधी ठळक वसिष्ठ आणि मग त्याच्या कडेची मंद अरुंधती दाखवावी, हा विधी त्या महिन्यात यथासांग पार पाडता येतो. मार्गशीर्षात मात्र मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत हे युगुल क्षितिजावर येतच नाही आणि विधी मंत्रापुरता उरतो. या जोडताऱ्याशी पुण्याचा परिचय असा घरगुती आहे. परंतु ताऱ्यांच्या अंतरंगात शिरू शकेल अशी दृष्टीही या शहरास एके काळी लाभली होती, आणि चोवीस वर्षांत ती येथून निघून गेली, याचे स्मरण आता क्वचितच कोणी करतो.

1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजास पाच हजार रुपयांची देणगी दिली, इलाख्याच्या सरकारने तितक्याच रकमेची भर मंजूर केली, आणि तेथील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी विलायतेस जाऊन आल्यावर तिचा विनियोग वेधशाळेकडे वळविला. मुंबईऐवजी पुणे पसंत ठरले, आणि 1888 मध्ये कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेच्या, आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली आणि पुढे वीस इंची आरसा बसविलेली तिची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती.

वसिष्ठ हा एक तारा नव्हे, हे गॅलिलिओचा शिष्य कास्तेली याने 1617 सालीच पाहिले होते. आजही साध्या तीन इंची दुर्बिणीतून वसिष्ठाच्या जागी दोन शुभ्र ठिपके स्वच्छ वेगळे दिसतात, आणि कमी वर्धनाचे नेत्रभिंग लावल्यास अरुंधतीही त्याच क्षेत्रात येते. प्रथमच पाहणारा त्या ठिपक्यांतल्या एकासच अरुंधती समजतो, इतके ते निकट आहेत. परंतु खरा नवलाचा शोध 1889 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत लागला. पिकरिंग आणि अँटोनिया मोरी यांना त्या दोहोंतील तेजस्वी ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा काही छायापटांवर एकेरी, तर काहींवर दुहेरी आढळल्या. एक तारा आपल्याकडे येत असता दुसरा दूर जातो, त्या वेळी रेषा फुटते, आणि दोघे दृष्टीच्या आडवे जात असता त्या एकत्र मिळतात. कोणत्याही दुर्बिणीत तोवर एकच दिसलेला तो तारा साडेवीस दिवसांत परस्परांभोवती फिरणारी जोडी निघाला, आणि केवळ वर्णपटावरून जोडतारा ओळखण्याच्या विद्येचा तेथे आरंभ झाला.

त्याच सुमारास पुण्यातील वर्णपटदर्शक मृगातील तेजोमेघाकडे लावलेला होता. त्या मेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे नॉर्मन लॉकियर यांचे मत. ती सर्व परिस्थितींत तीक्ष्णच राहते, असे नायगमवालांनी 1891 मध्ये वेधांनिशी दाखविले, आणि त्या काळच्या एका हिंदी अध्यापकाने लॉकियरसारख्या अधिकारी पुरुषाचे मत वेधाने खोडावे, हे धैर्य मला आजही मोठे वाटते. पाठोपाठ 1893 मध्ये लोकमान्यांचा ‘ओरायन’ आणि 1896 मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. एकाच शहरात, एकाच दशकात, नायगमवाला मृगाचा प्रकाश मोजीत होते, तर लोकमान्य त्याच नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवीत होते. पुण्याच्या बौद्धिक इतिहासात याहून समृद्ध दशक मला तरी ठाऊक नाही.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी नायगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. पण वेधशाळा एका माणसाच्या निष्ठेवर उभी होती. ते निवृत्त होताच, 1912 मध्ये, ती बंद करण्यात आली आणि उपकरणांची रवानगी कोडाईकनालला झाली. तेथे त्या दुर्बिणीस भावनगरची दुर्बीण म्हणतात. ज्या गावी तिने काम केले त्याचे नाव तिला चिकटले नाही, याची हळहळ वाटते.

पुढे 1944 मध्ये येथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि आकाशाची ओढ हौशी मंडळींनी जागती ठेवली. वसिष्ठाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ऐंशीहून थोडी अधिक वर्षे घेतो, म्हणजे परिसंस्थेच्या स्थापनेच्या आसपास निघालेले किरण सांप्रत आपल्या डोळ्यांत शिरत आहेत. 1988 मध्ये आयुका ही खगोलसंशोधन संस्था आली, आणि 2006 मध्ये जुन्नरजवळ गिरवलीला तिची दोन मीटरची दुर्बीण, व्यासाने नायगमवालांच्या दुर्बिणीच्या चौपट, कार्यास लागली. 2009 मध्ये अरुंधतीलाही एक मंद सहचर सापडला, तेव्हा, वसिष्ठाचा दुसरा ठिपकाही दरम्यान जोडीच ठरलेला असल्याने, वसिष्ठाचे चार आणि अरुंधतीचे दोन अशी सहा ताऱ्यांची मोजदाद झाली. खगोलशास्त्राकडे वळणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांस गिरवलीची वाट दाखविण्यापूर्वी संगमाजवळच्या महाविद्यालयाच्या त्या आवारात एकदा न्यावे आणि नायगमवाला कोण होते, ते तेथेच सांगावे, असे मला मनापासून वाटते.