रंगाखालचे पोलाद : डीलॉरियन गाडीची पॅनेल आणि त्यांवरील रंग

गाडीची रचना

स्टेनलेस स्टीलची मोटारगाडी म्हटले की पहिले नाव येते डीलॉरियनचे. जनरल मोटर्समधून बाहेर पडलेल्या जॉन डीलॉरियन यांच्या कंपनीने उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टजवळच्या डनमरी येथे १९८१ आणि १९८२ या दोन वर्षांत सुमारे नऊ हजार गाड्या तयार केल्या. बाह्य आकार इटलीच्या जॉर्जेटो जुजारो यांचा, तर चासीची आखणी लोटस कंपनीची. ही गाडी पूर्णपणे स्टेनलेस स्टीलची आहे, हा समज मात्र बरोबर नाही. तळाशी साध्या पोलादाची, इपॉक्सीचा लेप दिलेली चासी असते. तिच्यावर काचतंतू आणि रेझिन यांचा सांगाडा बसतो आणि त्या सांगाड्यावर बाहेरून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची पातळ पॅनेल चढवलेली असतात. पुढचे व मागचे टोक तर धातूचेही नाही. ते लवचीक पॉलियुरेथेनचे असून त्याला स्टीलशी मिळताजुळता रंग कारखान्यातच दिलेला असतो. अशा गाडीवर नंतर मारलेला रंग उतरवण्याच्या कामातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या रचनेतून निघतो.

रंगाची गरज कोणाला?

गंजापासून संरक्षण म्हणून या गाडीला रंगाची गरज नाही. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. घरातील चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या भांड्यांचा धातूही हाच. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियमचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड थर पृष्ठभागावर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी तो आपोआप पुन्हा जमतो. तरीही अनेक गाड्या लाल, काळ्या, पिवळ्या झाल्या. सर्व गाड्या एकसारख्या दिसत, म्हणून काही विक्रेत्यांनी आणि मालकांनी त्या रंगवून घेतल्या. (सोन्याचा मुलामा दिलेल्या मोजक्या गाड्याही निघाल्या, त्यांचा मुलामा उतरवण्याच्या फंदात अर्थातच कोणी पडत नाही.) रंगाचे दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. साध्या गाडीवरचा पोचा पुट्टी भरून आणि रंग मारून झाकता येतो; उघड्या स्टीलवर तशी सोय नाही. त्यामुळे अपघातानंतर संपूर्ण गाडीच रंगवणे स्वस्त पडत असे. रंगवलेली डीलॉरियन दिसली की खाली काही लपवलेले असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

आधी पॅनेल, मग रंग

पॅनेल गाडीवरच ठेवून रंग उतरवणे सोपे वाटते, पण तेथेच नुकसान होते. रंग विरघळवणारे रसायन स्टीलला सहसा काही करत नाही. तेच रसायन फटीतून आत झिरपले तर काचतंतूच्या सांगाड्यातील रेझिन मऊ पडू शकते, रबराच्या पट्ट्या फुगतात आणि पॉलियुरेथेनचे टोक कायमचे खराब होते. म्हणजे जपायचे असते ते स्टीलला नव्हे, त्याच्या शेजाऱ्यांना. दुसरे कारण कडांचे. रंगाचा थर पॅनेलच्या दुमडलेल्या कडांखाली जातो आणि तो तिथे राहिला तर काम झाल्यावरही दाराच्या फटीतून जुन्या रंगाची रेघ डोकावत राहते.

पॅनेल सोडवणे

पुढचे फेंडर, मागचे बाजूचे पॅनेल आणि बॉनेट ही मुख्यतः बोल्टने बसवलेली असतात. ती काढण्यापूर्वी दिवे, पुढचे-मागचे पॉलियुरेथेनचे भाग आणि बाजूची काळी पट्टी सोडवावी लागते, कारण पॅनेलचे काही बोल्ट त्यांच्या आड असतात. बोल्टखाली ठिकठिकाणी पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, घातलेल्या असतात. दोन पॅनेलमधील फट एकसारखी राखणे हे त्यांचे काम. कोणती शिम कोणत्या बोल्टखाली होती याची नोंद ठेवली नाही, तर पुन्हा जोडताना फटी जुळवण्यात काढण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो. काढलेले पॅनेल जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे असते. ते एका टोकाला धरून उचलल्यास मुरडते, म्हणून मोठ्या पॅनेलला दोन माणसे लागतात.

दारांचा अपवाद

छताला बिजागऱ्या असलेली, वर उघडणारी दारे सहसा काढली जात नाहीत. त्यांचा भार छतातील पिळदार पोलादी दांडे पेलतात. हे दांडे ग्रमन एरोस्पेस या विमान कंपनीने द्रव नायट्रोजनच्या थंडीत पीळ देऊन तयार केले होते. पीळ भरलेला दांडा चुकीच्या पद्धतीने सैल केला तर तो हात मोडू शकतो. त्यामुळे दारांवरील रंग जागेवरच, सगळ्या फटी आणि रबर नीट झाकून, थोड्या थोड्या भागात उतरवतात. हा वेळखाऊ मार्ग आहे, पण योग्य आहे.

बोल्ट आणि दोन धातूंचे नाते

स्टेनलेस स्टील आणि साधे पोलाद एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये ओलावा आला, की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि साधे पोलाद झिजते. येथे क्षेत्रफळाचे प्रमाण निर्णायक ठरते. मोठ्या स्टेनलेस पॅनेलला लागून छोटा साधा बोल्ट असेल, तर सगळी झीज त्या बोल्टवर एकवटते. चाळीस वर्षांच्या गाडीत पॅनेल चकचकीत आणि बोल्ट सडलेले, हे दृश्य त्यामुळेच दिसते. असे बोल्ट जोर लावून फिरवले तर तुटतात. आदल्या दिवशी भेदक तेल सोडून ठेवणे बरे. परत जोडताना स्टेनलेसचेच बोल्ट वापरणे हा स्वाभाविक उपाय, पण त्यालाही एक अडचण आहे. स्टेनलेसवर स्टेनलेस घासले की आटे एकमेकांत रुतून बोल्ट जाम होतो. आट्यांना जाम-प्रतिबंधक ग्रीस लावल्यास हा धोका टळतो.

रंग उतरवण्याच्या पद्धती

चार मार्ग उपलब्ध आहेत आणि त्यांची योग्यता समान नाही. पहिला रसायनाचा. जेलसारखे घट्ट पेंट रिमूव्हर लावून वर प्लॅस्टिकचा पातळ कागद पसरतात, म्हणजे ते लवकर सुकत नाही. रंग फुगून उचलला गेला की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढतात. पूर्वीच्या रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असे. ते झपाट्याने काम करते, परंतु बंद जागेत त्याची वाफ जीवघेणी ठरते. अमेरिकेत २०१९ पासून रंग उतरवण्यासाठी त्याची किरकोळ विक्री बंद आहे. बेंझिल अल्कोहोलवर आधारित रिमूव्हर त्या मानाने संथ आहे, पण घाई नसेल तर तेच निवडावे. मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, असलेले कोणतेही द्रावण मात्र या पोलादाला वर्ज्य. क्लोराइड आयन रक्षक थर भेदून सूक्ष्म खड्डे पाडतात आणि ते खड्डे घासून सहज जात नाहीत.

दुसरा मार्ग उष्णतेचा. हीट गनने रंग मऊ होतो खरा, पण स्टेनलेस स्टील उष्णता फार हळू वाहून नेते. तापलेली जागा तापलेलीच राहते, प्रसरण पावते आणि पातळ पत्रा लाटेसारखा उचलतो. तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की पृष्ठभागावर पिवळसर छटाही उमटू लागते.

तिसरा मार्ग वाळू किंवा तत्सम कणांच्या फवाऱ्याचा, म्हणजे सँडब्लास्टिंगचा. चासीसाठी उत्तम आणि पॅनेलसाठी विनाशक. कणांच्या माऱ्याने पत्रा वाकतो आणि मूळ पोत नष्ट होतो. फवाऱ्यात साध्या पोलादाचे कण असतील, तर ते रुतून बसतात आणि पहिल्या पावसानंतर तांबड्या ठिपक्यांच्या रूपाने गंजतात. साधी स्टील वूल आणि लोखंडी तारेचा ब्रश यांनाही हाच आक्षेप लागू होतो.

चौथा मार्ग घासण्याचा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडरने संपूर्ण रंग काढणे शक्य आहे, परंतु रंग संपून धातू कधी सुरू झाला हे कळेपर्यंत ओरखडा पडलेला असतो. राहिलेले तुरळक अवशेष काढण्यापुरताच हा मार्ग वापरावा.

खाली काय सापडते

रंग निघाला की खरी स्थिती समोर येते. स्टेनलेसच्या गुळगुळीत पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही, म्हणून रंगाऱ्याने प्रायमरपूर्वी पत्रा खरखरीत केलेला असतो, बहुधा गोल फिरणाऱ्या सँडरने. त्यामुळे खाली सरळ रेषांऐवजी वेटोळे ओरखडे दिसतात. काही ठिकाणी पुट्टीचे थर निघतात आणि त्यांखाली पोचे, कधी पोचा बाहेर ओढण्यासाठी पाडलेली भोकेही. हे पोलाद ठोकले की कठीण होत जाते. एकदा ताणलेला भाग परत सपाट करणे कुशल कारागिरालाच साधते. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटवर इंधन भरण्याची झडप आणि दोन लांब खाचा होत्या. अशा खाचांत रंग सर्वांत हट्टीपणे टिकतो.

रेषा पुन्हा आणणे

डीलॉरियनचे रूप चकाकीत नसून एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेषांत आहे. या रेषांवर प्रकाश सारखा पसरतो, म्हणून सर्व पॅनेल एकाच छटेची भासतात. त्या परत आणण्यासाठी न विणलेल्या कृत्रिम तंतूंचे अपघर्षक पॅड सरळ पट्टीच्या आधाराने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता ओढतात. हात मध्येच थांबला की तेथे वेगळी खूण दिसते. दिशा मूळ पॅनेलवर रंग न लागलेल्या एखाद्या आतल्या कडेवरून ठरवता येते. बफिंग करून आरसा बनवणे हा मोह टाळण्यासारखा आहे; एक पॅनेल चकचकीत झाले की शेजारचे मळकट वाटू लागते.

शेवटचे प्रक्षालन

घासताना पृष्ठभागावर लोहाचे सुटे कण राहू शकतात. सायट्रिक किंवा नायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ते काढून टाकण्याच्या प्रक्रियेस पॅसिव्हेशन म्हणतात. घरगुती कामासाठी सायट्रिक आम्ल पुरेसे आणि सुरक्षित. त्यानंतर भरपूर पाण्याने धुऊन पत्रा कोरडा केला की क्रोमियमचा थर स्वतःच पूर्ण होतो. उरतात ते बोटांचे ठसे, आणि ते काच पुसण्याच्या साध्या द्रावणाने जातात.

मर्यादा

प्रत्येक वेळी रेषा काढताना धातूचा अतिशय पातळ थर निघून जातो, त्यामुळे हे काम पुनःपुन्हा करण्यासारखे नाही. खोल पोचा, भोक किंवा ताणलेला पत्रा असल्यास तेवढे पॅनेल बदलणे हाच उपाय उरतो. पण ही पॅनेल दाबून घडवणारे साचे कारखाना बंद पडल्यावर भंगारात गेले. त्यांपैकी काही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मत्स्यपालनाच्या जाळ्यांना नांगर म्हणून समुद्रात बुडवले गेले. त्यामुळे बदलीचे पॅनेल मिळते ते मुख्यतः उरलेल्या जुन्या साठ्यातून किंवा दुसऱ्या गाडीवरून उतरवलेले.