उपद्रवी आज्ञावलींची पारख

दिनांक १२ मे २०१७ रोजी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांतील संगणकांच्या पडद्यांवर एकाएकी तांबड्या रंगाची एक सूचना झळकू लागली. संगणकातील फाइली कुलूपबंद केल्या असून त्या परत हव्या असल्यास मुदतीत खंडणी भरावी, असा तिचा आशय होता. रुग्णांच्या नोंदी वाचता येईनात. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. इंग्लंडमधील २३६ रुग्णालय-न्यासांपैकी किमान ८० न्यासांचे काम विस्कळीत झाल्याचे त्या देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले. हा उत्पात घडविणारी आज्ञावली ‘वॉनाक्राय’ या नावाने ओळखली जाते.

संगणक आज्ञा पाळतो. आज्ञेमागील हेतू त्याला कळत नाही. फाइल कुलूपबंद करणे ही क्रिया मालकाने केली तर सावधगिरी ठरते व चोराने केली तर गुन्हा ठरतो. मग उपद्रवी आज्ञावली ओळखावयाची कशी? शेतकरी बियाण्याची पारख दोन प्रकारे करतो. एक तर दाणा हातात घेऊन तो न्याहाळतो, किंवा थोडे दाणे वेगळे पेरून काय उगवते ते पाहतो. आज्ञावलींच्या परीक्षेच्याही याच दोन रीती आहेत.

न चालविता केलेली परीक्षा

पहिल्या रीतीत आज्ञावली चालू न करता तिची तपासणी होते. यातील सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिचा ठसा घेणे. ‘शा-२५६’ नामक गणिती कृतीने कोणत्याही फाइलीपासून २५६ द्विमान अंकांचा ठसा काढता येतो. ज्ञात उपद्रवी फाइलींच्या ठशांची यादी जवळ असली की नव्या फाइलीचा ठसा तिच्याशी ताडून पाहणे हे क्षणाचे काम होय. परंतु फाइलीत एका अक्षराचा बदल केला तरी ठसा समूळ पालटतो. म्हणून परीक्षक संपूर्ण फाइलीऐवजी तिच्यातील एखादा वैशिष्ट्यपूर्ण आज्ञाक्रम शोधतात. वेष बदलला तरी चालण्याची लकब बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे.

यावर उपद्रव करणाऱ्यांनी आज्ञावली सांकेतिक रूपात गुंडाळून ठेवण्याची युक्ती काढली. अशा गुंडाळीचाही माग लागतो. साध्या लिखाणात काही अक्षरे वारंवार येतात व काही क्वचित येतात. सांकेतिक मजकुरात मात्र सर्व चिन्हे जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळतात. या विस्कळीतपणाचे माप दर बाइटमागे जास्तीत जास्त ८ बिट असते. ते ८ च्या अगदी जवळ आले की शंकेस जागा होते. तथापि निरुपद्रवी फाइलीही जागा वाचविण्यासाठी दाबून ठेवलेल्या असतात. यास्तव ही केवळ शंका होय, पुरावा नव्हे.

कोंडून केलेली परीक्षा

दुसऱ्या रीतीत बाहेरच्या जगापासून तोडलेल्या आभासी संगणकात आज्ञावली प्रत्यक्ष चालू करतात. ती कोणत्या फाइली उघडते, कोणते बदल करते व कोणत्या पत्त्यांशी संपर्क साधू पाहते, याची नोंद होते. एखादी आज्ञावली थोड्याच वेळात शेकडो फाइली वाचून त्यांच्या जागी सांकेतिक मजकूर लिहू लागली, तर तिचा ठसा कोणत्याही यादीत नसला तरी तिची करणी तिला उघडी पाडते.

वॉनाक्रायचा प्रसार याच मार्गाने रोखला गेला. आरंभी ती आज्ञावली एका लांबलचक, विचित्र संकेतस्थळाशी संपर्क साधू पाही व उत्तर मिळाल्यास थांबे. मार्कस हचिन्स या ब्रिटिश संशोधकाने तिचे विश्लेषण करताना ते नाव कोणीही नोंदविलेले नाही हे पाहिले व अल्प शुल्क भरून ते नोंदविले. उत्तर मिळू लागताच प्रसाराला मोठा आळा बसला. परंतु ज्या फाइली अगोदरच कुलूपबंद झाल्या होत्या, त्या त्यामुळे उघडल्या नाहीत.

या रीतीलाही मर्यादा आहेत. आपण आभासी संगणकात आहोत काय, हे काही आज्ञावली आधी तपासून पाहतात व तसे आढळल्यास साळसूदपणे वागतात. काही दीर्घकाळ निद्रिस्त राहतात.

परिपूर्ण परीक्षक का संभवत नाही?

कधीही न चुकणारा परीक्षक निर्माण करता येईल काय? अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्ये या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: असा परीक्षक आहे असे समजा. आता एक आज्ञावली अशी रचा की, ती स्वतःविषयी त्या परीक्षकालाच विचारील. त्याने ‘उपद्रवी’ म्हटले तर ती स्वस्थ बसेल; ‘निरुपद्रवी’ म्हटले तर पसरू लागेल. परीक्षकाने कोणतेही उत्तर दिले तरी ते खोटे ठरते. अर्थात असा परीक्षक असू शकत नाही.

शिवाय खोट्या इशाऱ्यांचाही विचार करावा लागतो. एक लाख फाइलींत १० उपद्रवी आहेत व परीक्षक शंभरांतून एकदाच चुकतो, असे धरू. तो त्या दहांपैकी बहुतेक पकडील. पण सुमारे १,००० निर्दोष फाइलींनाही दोषी ठरवील. म्हणून एका कसोटीवर विसंबून न राहता ठसा, रचना व वर्तन या तिन्हींची साक्ष एकत्र ताडून निर्णय घेतात.

पारख अपुरी पडणार, हे एकदा मान्य केले की सावधगिरीचे महत्त्व पटते. वॉनाक्राय ज्या उणिवेतून शिरली, तिची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीच, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, त्यांच्या संगणकांत तिला त्या वाटेने शिरता आले नाही; आणि ज्यांनी आपल्या नोंदींची प्रत संगणकापासून अलग ठेवली होती, त्यांना खंडणीची धास्ती बाळगण्याचे कारण उरले नाही. शाळेच्या वा ग्रंथालयाच्या एकुलत्या एका संगणकालाही हे दोन्ही नियम तितकेच लागू आहेत.