मों व्हाँतूचा चढ आणि सायकलस्वाराचा हिशेब



फ्रान्स देशाच्या आग्नेय भागात प्रोव्हाँस नावाचा प्रांत आहे. द्राक्षांच्या मळ्यांबद्दल व रखरखीत उन्हाळ्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. या प्रांताच्या सपाटीवर, आल्प्सच्या उंच रांगांपासून वेगळा पडलेला असा एक डोंगर एकटाच उभा आहे. त्याचे नाव मों व्हाँतू. त्याची उंची सुमारे १,९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून अडीचशे मीटरांपेक्षा थोडी अधिक. हिमालयाच्या मानाने ही उंची क्षुल्लक होय. तथापि जगातील सायकलस्वारांच्या मनात या डोंगराविषयी जो धाक आहे, तो याहून कितीतरी उंच पर्वतांच्या वाट्यास आलेला नाही.

हा धाक आजचा नाही. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ साली आपल्या धाकट्या भावासह या शिखरावर गेला. त्या चढाईविषयी त्याने लिहिलेले पत्र वाङ्मयाच्या इतिहासात गाजलेले आहे. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने त्यांना वर न जाण्याबद्दल परोपरीने विनविले होते, असे त्यात तो सांगतो. पुढे शिखरापर्यंत मोटारीचा रस्ता झाला आणि १९५१ साली ‘तूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीचा मार्ग प्रथमच या डोंगरावरून गेला. तेव्हापासून हौशी सायकलस्वारांची तेथे रीघ लागलेली असते. आपल्याकडील तरुण मंडळीही आता सुटीत सायकली घेऊन युरोपातील घाट चढू लागली आहेत. घरात अशी मुले असतील त्यांना, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना, या चढाचे खरे स्वरूप कळावे एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

शिखराकडे जाणारे रस्ते तीन आहेत. उत्तरेकडील मालोसेन गावाहून एक, पूर्वेकडील सो या गावाहून दुसरा आणि दक्षिणेकडील बेद्वँ या गावाहून तिसरा. सोचा रस्ता सुमारे २६ किलोमीटरांचा असून त्यात १,२०० मीटरांच्या आसपास उंची गाठावी लागते, म्हणून तो त्यातल्या त्यात सौम्य. खरी कीर्ती आहे ती बेद्वँच्या रस्त्याची. तो सुमारे २१ किलोमीटरांचा असून तेवढ्यात १,६०० मीटर चढावयाचे असतात.

हा रस्ता मोठा फसवा आहे. पहिले सहा किलोमीटर द्राक्षांच्या मळ्यांतून हलक्या चढाने जातात आणि नवख्या स्वारास वाटते की, या डोंगराची उगीच बढाई सांगितली जाते! नंतर सँ एस्तेव्हचे वळण येते आणि रस्ता एकदम जंगलात शिरतो. तेथून शाले रेनार या ठिकाणापर्यंत नऊ-साडेनऊ किलोमीटर सरासरी अकरास एक असा चढ आहे, आणि मध्ये विसाव्याला सपाटी जवळजवळ नाही. आपल्या बोरघाटात आगगाडीचा चढ सदतीसास एक असतो आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीमागे जादा इंजिने जोडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे अकरास एक याचा अर्थ स्पष्ट होईल. शाले रेनारनंतर झाडी संपते. उरलेले सहा किलोमीटर चुनखडीच्या पांढऱ्या फुटक्या दगडांच्या उजाड उतारावरून जातात. येथे सावलीचा ठिपकाही सापडावयाचा नाही.

आता थोडा हिशेब मांडू. स्वाराचे वजन ७५ किलो व सामानासह सायकलीचे १० किलो धरले, तर ८५ किलोंचे ओझे १,६०० मीटर वर न्यावयाचे आहे. म्हणजे १,३६,००० किलोग्रॅम-मीटर इतके काम झाले. हे काम अडीच तासांत करणारा स्वार एका अश्वशक्तीच्या पाचव्या हिश्शाने अखंड राबत असतो. जगातील अव्वल स्वार हाच चढ तासाच्या आत चढून जातात. त्यांच्याशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही.

हे काम कोणत्याही युक्तीने कमी होत नाही. मग सायकलीचे गिअर कशासाठी? तर ते हप्ते पाडून देतात. आपल्या साध्या सायकलीत पुढच्या चक्राचे दाते मागच्या चक्राच्या सुमारे अडीचपट असतात. त्यामुळे पायट्याच्या एका फेरीत सायकल पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. दहास एक अशा चढावर याचा अर्थ असा की, दर फेरीस ८५ किलोंचे ओझे अर्धा मीटरभर उचलावयाचे. एवढा मोठा हप्ता फार वेळ कोणाच्याही गुडघ्यांना फेडता येणार नाही. पुढे ३४ व मागेही ३४ दाते असतील, तर एका फेरीत सायकल केवळ दोन मीटरांच्या थोडी पुढे जाते आणि ओझे २१ सेंटिमीटर उचलले जाते. मिनिटास ६० फेऱ्या मारल्या तर वेग तासाला साडेसात किलोमीटर पडतो. पाहणाऱ्यास ही गती हास्यास्पद वाटेल. पण शिखर गाठून देणारी गती हीच. बेद्वँच्या मळ्यांतून जाताना ज्याने जोम राखून ठेवला, त्यालाच तो जंगलात उपयोगी पडतो.

याहूनही महत्त्वाचा हिशेब उष्णतेचा आहे आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. वरील काम उष्मांकांत मोजले तर सुमारे ३२० भरते. परंतु मानवी शरीर हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या शक्तीचा फार तर चौथा हिस्सा पायट्यापर्यंत पोहोचतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे या चढात सुमारे ९६० उष्मांकांची उष्णता अंगात निर्माण होणार. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचे तापमान पंधरा अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात चार-पाच अंशांची वाढसुद्धा प्राणघातक ठरते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम होय. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. तेव्हा केवळ या एका चढासाठी दीड ते दोन लिटर पाणी घामावाटे खर्ची पडणार. सपाटीवर वेगामुळे वारा लागतो आणि घाम लवकर वाळतो. चढावर वेगच नसल्यामुळे तो वाराही मिळत नाही. त्यात जुलैतील दुपार आणि पांढऱ्या दगडांवरून परावर्तित होणारे ऊन यांची भर पडली, म्हणजे जमेपेक्षा खर्च वाढतो.

हा हिशेब चुकला म्हणजे काय होते, हे १३ जुलै १९६७ या दिवशी जगाने पाहिले. टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार त्या वेळी २९ वर्षांचा होता. १९६५ साली त्याने जगज्जेतेपद मिळविले होते. शर्यतीत आधीच त्याचे पोट बिघडले होते आणि त्या दिवशी उष्मा भयंकर होता. शिखर दीडएक किलोमीटर राहिले असता त्याची सायकल रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला भरकटू लागली व तो पडला. त्यास पुन्हा सायकलीवर बसविण्यात आले. थोड्याच अंतरावर तो पुन्हा कोसळला आणि त्यातून उठला नाही. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य आढळले. त्याने मद्यही घेतले होते. ॲम्फेटामाइनने बळ वाढत नाही. थकव्याची सूचना मात्र मेंदूपर्यंत नीट पोहोचेनाशी होते. घंटेची तार तोडून टाकावी, म्हणजे घराला आग लागली तरी ती वाजत नाही, तशातला तो प्रकार. याच चढावर १९५५ साली मालेजाक हा फ्रेंच स्वार असाच बेशुद्ध पडला होता; तो सुदैवाने वाचला. सिम्पसन पडला त्या ठिकाणी आज त्याचे स्मारक आहे. येणारेजाणारे स्वार तेथे थांबतात व आपली टोपी किंवा पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात.

उष्म्याच्या जोडीला वारा आहे. मिस्त्राल नावाचा थंड व जोरकस वारा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून सुटतो आणि या एकाकी डोंगरमाथ्यास अडोसा असा काहीच नाही. शिखराच्या अलीकडील खिंडीचे नावच मुळी ‘वादळांची खिंड’ असे आहे. १४ जुलै २०१६ रोजी शर्यतीचा शेवट शिखरावर व्हावयाचा होता. पण वाऱ्यापुढे नमते घेऊन संयोजकांना तो सहा किलोमीटर खाली, शाले रेनारला आणावा लागला. शिवाय दर हजार मीटरांस सुमारे साडेसहा अंश या मानाने हवा थंड होत जाते. बेद्वँला तीस अंश तापमान असेल, तर माथ्यावर ते वीसच्या घरात असावयाचे. घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी वेगाने उतरू लागल्यावर पाच मिनिटांत हुडहुडी भरते आणि बोटे ब्रेकवर वळत नाहीत. म्हणून वाऱ्यापासून बचाव करणारे पातळ जाकीट अवश्य बाळगावे. जुने स्वार उतरण्यापूर्वी छातीशी वर्तमानपत्र खोचून घेत. ती युक्ती आजही खोटी नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत, त्याने ते तापतात. वळणाच्या आधी नेटाने दाबावेत व मग सोडावेत.

यावरून काही नियम आपोआप निघतात. निघण्यापूर्वी पुण्याच्या मंडळींनी सिंहगडाच्या मोटाररस्त्यावर, मुंबईकरांनी खंडाळ्याच्या घाटात काही महिने सराव करावा. हिवाळ्यात माथ्याकडील रस्ता बर्फामुळे बंद असतो, म्हणून उन्हाळाच निवडावा लागतो. मात्र पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी माथा गाठावा. दोन बाटल्या भरून घ्याव्यात आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोटघोट पाणी पीत जावे. दर अर्ध्या तासाने केळे किंवा एखादा गोड घास खावा.

पण सर्वांत महत्त्वाचा नियम निराळाच आहे. परत केव्हा फिरावयाचे, हे खाली गावातच ठरवून, सोबत्यांना सांगून ठेवावे. घाम येणे अकस्मात थांबले, उन्हातही शहारे येऊ लागले, बोलणे अडखळले किंवा सायकल सरळ रेषेत राहीनाशी झाली, तर त्या क्षणी उतरून सावली गाठावी, अंगावर पाणी ओतावे व वैद्यकीय मदत बोलवावी. हा निर्णय सोबत्यांनी करावा, स्वतः स्वाराने नव्हे. कारण उष्णतेने पहिल्यांदा बिघडते ती विवेकबुद्धी. ‘मला काही झालेले नाही, मी जाणारच’ हे त्या वेळी स्वार म्हणत असला, तरी त्या बोलण्यावर विसंबू नये. ते आजाराचेच एक लक्षण असू शकते. शाले रेनार हे या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे. तेथे उपाहारगृह आहे, सावली आहे आणि पुढचा उजाड रस्ता नजरेसमोर आहे. तेथे पाच मिनिटे थांबून एकमेकांकडे नीट पाहावे आणि कोणाविषयी शंका आली, तर सर्वांनीच परतावे.

घरी बसलेल्या आईबापांना माझे सांगणे एवढेच की, मुलांना जाऊ द्यावे. स्वतःच्या पायांनी असा चढ चढून जाण्यात जो आनंद व जे शिक्षण आहे, ते वर्गात मिळत नाही. मात्र ‘शिखर गाठलेस का?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. त्या प्रश्नाच्या धाकाने मुले परत फिरावयाचे टाळतात. ‘कोठपर्यंत गेलास, आणि पाणी किती प्यायलास?’ असे विचारावे. जो मुलगा शाले रेनारवरून शहाणपणाने परतला, त्याचेही घरात कौतुक झाले पाहिजे. पुढच्या वर्षी तो पुन्हा जाऊ शकेल.